कडप्पा, करवंटी आणि दिवाळीचा किल्ला: फिश टँकच्या सजावटीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं टँकच्या सजावटीबद्दल आहेत. दुकानातले रंगीत किल्ले आणि खजिन्याच्या पेट्या नकोत, घरात-अंगणात जे आहे त्यातून काहीतरी करावं, असं सगळ्यांना वाटतंय आणि आम्हाला ते मनापासून पटतं. मात्र पाण्यात ठेवलेली वस्तू रोज थोडी थोडी पाण्यात उतरत असते आणि मासा चोवीस तास त्याच पाण्यात श्वास घेतो. म्हणून वस्तू कशी दिसेल यापेक्षा तिच्यातून काय विरघळेल, यावर खालच्या उत्तरांत जास्त लिहिलं आहे.

प्रश्न: कृष्णेच्या पात्रातून गोटे आणले आहेत. उकळून टाकले की झालं, असं दुकानदार म्हणतात. काही गोट्यांवर पांढरे ठिपके आहेत. ते चालतील का? (कराड)

उत्तर: आधी उकळण्याचं बघू, कारण त्यात इजा होण्याचा धोका आहे. दगडाच्या भेगांत आणि पोकळ्यांत पाणी मुरलेलं असतं. त्याची वाफ झाली की दगड फुटतो आणि कपच्या थेट तोंडावर उडतात. गॅसवर भाजणं तर त्याहून वाईट. गोटे कडक ब्रशने, साबण न लावता घासा, बादलीत ठेवा, वरून कडकडीत पाणी ओता आणि आपोआप थंड होऊ द्या. असं दोनदा केलं की पुरे. शेवाळ किंवा कुजका वास असेल तर २० भाग पाण्यात १ भाग ब्लीच (५ टक्क्यांचं) घालून त्यात १५ मिनिटं बुडवा, भरपूर धुवा, मग अँटी-क्लोरीन टाकलेल्या पाण्यात २४ तास ठेवा. क्लोरीनचा जराही वास येत असेल तर पाणी बदलून आणखी एक दिवस.

तुमच्या भागातला गोटा बहुतेक काळा बसाल्ट असतो. टँकसाठी याहून चांगला दगड नाही. कठीण, जड आणि पाण्यात जवळपास काहीच न सोडणारा. पांढरे ठिपके म्हणजे लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेली खनिजं. ती झिओलाइट किंवा गारगोटी असतील तर काही बिघडत नाही. कॅल्साइट असेल तर तो चुनखडीचाच प्रकार आहे आणि हळूहळू विरघळून पाणी कठीण करतो. नुसत्या नजरेने फरक करायला जाऊ नका, फसगत होते. गोटा पूर्ण वाळवा, ठिपका खिळ्याने खरवडा. कॅल्साइटवर ओरखडा सहज उठतो, गारगोटीवर उठत नाही. खरवडलेल्या जागी पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकून टॉर्चच्या उजेडात बघा. बारीक बुडबुडे आले, कानाशी धरल्यावर चुरचुर ऐकू आली, तर तो गोटा बाजूला काढा.

व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे कधी कधी काहीच दिसत नाही. शंका उरली तर गोट्याची छोटी कपची काढून तिच्यावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाका. हे बाहेर मोकळ्यावर, हातमोजे घालून करा आणि कपची फेकून द्या. ब्लीचचं काम आणि अ‍ॅसिडचं काम एका दिवशी, एका बादलीत कधीही करू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

गंजासारख्या पट्ट्या असलेले, सोनेरी चकाकणारे कण असलेले आणि कारखान्याच्या नाल्याजवळचे दगड घेऊ नका. जांभ्यावर व्हिनेगर फसफसत नाही, पण तो झडतो आणि लाल गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

रचतानाही काळजी घ्या. मोठे दगड वाळूवर ठेवू नका. आधी तळाच्या काचेवर पातळ फोमशीट किंवा प्लास्टिकची जाळी, तिच्यावर दगड आणि मग सभोवती वाळू. चिकलिडसारखे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर उभा केलेला दगड एखाद्या रात्री माशावर नाहीतर काचेवर कोसळतो.

प्रश्न: ओट्याच्या कामातून उरलेल्या कडप्प्याच्या तुकड्यांची गुहा केली. महिन्याभरात पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा) ७.२ वरून ८ च्या आसपास गेला. टेट्रा मासे निस्तेज झाले आहेत. कडप्पा तर काळा दगड आहे ना? (पुणे)

उत्तर: काळा आहे, पण बसाल्ट नाही. कडप्पा हा चुनखडक आहे. शहाबादी फरशी आणि कोटाही त्याच जातीचे. घासून गुळगुळीत केलेल्या बाजूवर व्हिनेगर टाकलं तर फारसं काही दिसत नाही, कापलेल्या खरबरीत कडेवर टाका, फेस दिसेल. धरणाचं मऊ पाणी असलं की हा दगड जास्त वेगाने विरघळतो आणि बोअरच्या कठीण पाण्यात त्याचा परिणाम कमी जाणवतो. म्हणूनच ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं कडप्पा आहे, काही झालं नाही’ असं सांगणारे भेटतात. तेही खोटं बोलत नसतात.

पीएच वाढला की दुसरंही एक संकट येतं. माशांच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग पीएच ७ च्या मानाने ८ ला सुमारे दहापट होतो. कालपर्यंत चालून जाणारी घाण आज माशाचे कल्ले जाळते. तुकडे काढा, पण पाणी एका दिवसात बदलून पीएच धाडकन खाली आणू नका. दर दोन दिवसांनी २० ते २५ टक्के पाणी बदला, दोन आठवड्यांत ते पूर्वपदावर येईल. सपाट दगडच हवा असेल तर ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा घ्या. शाळेची जुनी दगडी पाटी माळ्यावर पडली असेल तर तीही उत्तम. लाकडी चौकट काढा आणि कडा पॉलिश पेपरने घासा.

प्रश्न: समुद्रावरचे शिंपले, शंख आणि पांढरं प्रवाळ टँकमध्ये ठेवायचं आहे. (रत्नागिरी)

उत्तर: प्रवाळ उचलूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे. मेलेला तुकडाही घरी आणणं कायद्यात बसत नाही.

शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात. मॉली, गप्पी किंवा आफ्रिकेच्या मलावी तळ्यातले चिकलिड असतील तर त्यांना कठीण पाणी मानवतं, ५० लिटरला चार-पाच शिंपले चालतील. टेट्रा, डिस्कस किंवा कोळंबीच्या मऊ पाण्याच्या जाती असतील तर एकही नको. शंख दिसायला सुंदर, पण आतल्या वळणात मेलेल्या प्राण्याचा अंश राहतो आणि तो महिनाभर कुजत राहतो. तीन-चार दिवस पाण्यात भिजवून आतून जोराची धार मारा. तरीही वास येत असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा. वाळूचाही मोह टाळा. किनाऱ्याच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा दोन्ही असतं.

प्रश्न: नारळाच्या करवंटीचं घर केलं. चार दिवसांत तिच्यावर पांढरा बुळबुळीत थर आला आणि पाणी चहासारखं झालं. (अलिबाग)

उत्तर: रंग करवंटीतल्या टॅनिनचा. तो घातक नाही. पांढरा थर मात्र बहुतेक वेळा आत राहिलेल्या खोबऱ्यामुळे येतो. नखाएवढं खोबरं राहिलं तरी बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि छोट्या टँकमधला ऑक्सिजन संपवतात.

करवंटी बाहेर काढा. शेंडी, बाहेरचा काथ्या आणि आतली तपकिरी साल चाकूने, मग खरखरीत पॉलिश पेपरने पूर्ण काढा. आत हात फिरवल्यावर लाकडासारखं कोरडं लागलं पाहिजे, तेलकट नाही. मग २० मिनिटं उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याचा रंग फिका पिवळा झाला की थांबा. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. दार ४ ते ५ सेंटिमीटरचं ठेवा आणि त्याची कड गोल घासा. माथ्यावर बोटभर भोक पाडायला विसरू नका. ते नसेल तर आत हवा अडकते आणि करवंटी उलटी होऊन तरंगते. त्यानंतरही आठ-दहा दिवस हलका पांढरा थर आला तर घाबरू नका, तो गोगलगाई आणि सकर मासे खाऊन टाकतात.

प्रश्न: मी सातवीत आहे. दिवाळीत अंगणात किल्ला करतो, तसा फिश टँकमध्ये करायचा आहे. माती, सिमेंट आणि मावळे वापरू का? (सातारा)

उत्तर: किल्ला नक्की कर, पण या तिन्ही गोष्टी टाळ. माती विरघळून माशांच्या कल्ल्यांत जाते. सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच १० च्याही वर जाऊ शकतो, त्यात मासे तासाभरात मरतात. मावळे शाडूचे किंवा प्लास्टरचे असतात आणि त्यांच्यावर ऑइलपेंट असतो. शाडू पाण्यात विरतो. प्लास्टर लिटरमागे सुमारे २ ग्रॅम विरघळतं, म्हणजे ५० लिटरच्या टँकमध्ये १०० ग्रॅमची अख्खी मूर्ती नाहीशी होऊन पाण्यात उतरेल.

तुझ्या गावात बसाल्टची खडी सहज मिळते. ५ ते १० सेंटिमीटरचे चपटे दगड पंधरा-वीस निवड. क्रशरची पांढरट धूळ पूर्ण जाईपर्यंत घास आणि एक दिवस उन्हात वाळव. ओल्या दगडाला सिलिकॉन धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ‘शंभर टक्के सिलिकॉन’ माग, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं. नळीवर बुरशीरोधक किंवा अँटी-फंगल लिहिलं असेल तर ते बाथरूमसाठी असतं, त्यातलं औषध माशांना मारतं. ते घेऊ नकोस.

आधी चिकटवल्याशिवाय किल्ला रच. बैठक साधारण २० बाय १५ सेंटिमीटर, उंची २० पेक्षा जास्त नाही आणि टँकच्या काचेपासून चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जागा मोकळी, नाहीतर काच पुसता येणार नाही. महादरवाजा ५-६ सेंटिमीटरचा ठेव आणि मागे तेवढाच मोठा चोरदरवाजाही कर. एकाच दाराच्या खोलीत पाणी फिरत नाही, घाण साचते आणि मागे वळता न येणारा मासा अडकतो. रचना पटली की फोटो काढ, मग एकेक दगड काढून वाटाण्याएवढ्या सिलिकॉनच्या ठिपक्यांनी चिकटव. रोज दोनच थर कर. सिलिकॉन दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर खोलीपर्यंत वाळतं, घाई केली तर बाहेरून घट्ट आणि आतून ओलं राहतं.

बुरुजांसाठी २ इंची पीव्हीसी पाइपचे ७, १० आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे घे. करवतीचं काम आई-बाबांना सोबत घेऊनच कर. कडा आणि पाइपवरची छापील अक्षरं पॉलिश पेपरने घासून काढ. बाहेरून सिलिकॉनचा पातळ हात देऊन धुतलेल्या, वाळलेल्या बारीक वाळूत लोळव. पाइप दिसणारही नाही. बुरुजाचं वरचं तोंड उघडंच ठेव. तटावर जावामॉस (पाण्यात वाढणारं हिरवं मॉस) लावायचं असेल तर सुती दोऱ्याने बांध. साधा पांढरा फेविकॉल कशालाही लावू नकोस, तो पाण्यात मऊ होऊन सुटतो.

सगळं झाल्यावर आठ दिवस हवेत ठेव. व्हिनेगरचा वास गेला की नळाच्या पाण्याच्या बादलीत आणखी आठ दिवस. बादलीचा पीएच पहिल्या आणि आठव्या दिवशी मोज. फरक ०.२ च्या आत असेल तर किल्ला टँकमध्ये जाऊ दे. मावळे टँकच्या स्टँडवर मांड आणि भगवा मागच्या काचेला बाहेरून चिकटव. पाण्यातून पाहिलं तर तो किल्ल्यावरच फडकताना दिसेल.

(घरच्या मोठ्यांसाठी: सिमेंटचंच काम करायचं असेल तर १ भाग सिमेंटला ३ भाग वाळू घ्या, २८ दिवस ओलं ठेवून पिकवा. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत निदान सहा आठवडे बादलीत ठेवा. पीएच नळाच्या पाण्याइतका आल्याशिवाय टँकजवळ नेऊ नका. पांढऱ्या सिमेंटलाही हेच लागू आहे.)

प्रश्न: कोणतं लाकूड घालावं? आंब्याची वाळलेली मुळी आहे, ती तरंगते. (कोल्हापूर)

उत्तर: आंबा किंवा पेरू चालेल, पण पूर्ण वाळलेला हवा. नखाने साल सहज सुटली पाहिजे आणि मोडल्यावर आत ओलसर हिरवटपणा दिसता कामा नये. ओल्या लाकडात साखर आणि चीक असतो, तो कुजून पाणी नासवतो. साल पूर्ण काढा. सालीखाली किडे राहतात, आणि पाण्यात गेल्यावर साल गळून फिल्टर तुंबतो. खोक्यांचं पाइन आणि देवदार राळेमुळे नको. वड, पिंपळ, उंबर चिकामुळे नकोत. कण्हेर अत्यंत विषारी आहे, आणि शेर-निवडुंगाच्या चिकाने तर पूर्वी ओढ्यात मासे मारत. यांची काडीसुद्धा घालू नका. फवारणी झालेल्या बागेतलं लाकूडही वगळा. कीटकनाशकाचा अंश उकळून जात नाही आणि कोळंबी त्याने सगळ्यात आधी मरते. बांबू सुंदर दिसतो, पण आतून सहा-आठ महिन्यांत मऊ पडतो.

मुळी मोठ्या पातेल्यात मावत असेल तर एक-दोन तास उकळा. मावत नसेल तर टबात ठेवून तीन-चार दिवस रोज कडकडीत पाणी ओता. लाकडाला ब्लीच लावू नका, ते आत मुरतं आणि महिनाभर सुटत राहतं. बुडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. थांबायचं नसेल तर ग्रॅनाइटच्या किंवा पाटीच्या तुकड्याला भोक पाडून स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने मुळी त्याच्यावर कसा आणि तो तुकडा वाळूखाली पुरा. साधा लोखंडी स्क्रू गंजतो. दगड नुसता वर ठेवून लाकूड दाबू नका. फुगताना ते सरकतं.

प्रश्न: देवघरातली जुनी पितळी मूर्ती आणि काही नाणी पाण्यात ठेवली तर शोभा येईल का? (नाशिक)

उत्तर: कृपया ठेवू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालतं, माशाला चालत नाही. तांबं कल्ल्यांवर परिणाम करतं, आणि कोळंबी व गोगलगाई अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात ते जास्त सुटतं. चांदीचा मुलामा, ब्राँझ, गॅल्व्हनाइज्ड जाळी, शिशाची वजनं, सगळ्यांचं उत्तर तेच.

प्रश्न: मातीची कुंडी आडवी ठेवली होती. तळाच्या भोकात मासा अडकून मेला. (नागपूर)

उत्तर: वाईट वाटलं वाचून. ही चूक फार घरांत होते. भोक एक तर माशाचं डोकं जाणार नाही इतकं लहान हवं किंवा अख्खा मासा आरपार जाईल इतकं मोठं. अधलंमधलं भोक म्हणजे सापळा, कारण खवले मागच्या दिशेने वळलेले असतात आणि पुढे घुसलेल्या माशाला मागे सरकता येत नाही. मासे वाढतात हेही धरा. कुंडीचं भोक सिलिकॉनने बुजवा. कुंडी कोरीच घ्या, खत घातलेली नको, रंगवलेलीही नको. दिवाळीत वापरलेल्या पणत्यांत तेल मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. कोऱ्या पणत्या मात्र अंडी घालणाऱ्या जोड्यांना आवडतात.

आणखी एक तपासणी: जुना नायलॉनचा मोजा हातात घालून प्रत्येक वस्तूवरून फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे फायटर (बेट्टा) माशाचा पंख फाटेल.

प्रश्न: थर्माकोल, काचेच्या गोट्या, रंगीत खडी? (लातूर)

उत्तर: थर्माकोल नको, मासे टोचून कण गिळतात. साध्या काचेच्या गोट्या निर्धोक आहेत, पण त्यांच्या फटींत अन्न साचून कुजतं, त्यामुळे एकच थर ठेवा. रंगीत खडी आठ दिवस पांढऱ्या भांड्यात भिजवा. पाण्याला रंग आला तर परत करा. गोल्डफिश असतील तर तोंडात मावणारी खडी घशात अडकते. एक तर बारीक वाळू घ्या किंवा तोंडापेक्षा मोठे गोटे.

प्रश्न: फायटरसाठी बदामाची पानं घालतात म्हणे. अंगणात झाड आहे. (मडगाव)

उत्तर: आपल्याकडचा मोठ्या पानांचा देशी बदाम, हो. आपोआप गळलेली तपकिरी पानं घ्या, हिरवी किंवा तोडलेली नको. धुऊन वाळवा. वीतभर लांबीचं एक पान ४०-५० लिटरला पुरतं. दोन दिवसांत बुडतं, तीन-चार आठवड्यांत जाळी उरते, तेव्हा काढा. रस्त्याकडेच्या झाडाची पानं धूर आणि धुळीमुळे टाळा.

प्रश्न: नवी सजावट ठेवल्यावर काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. तातडीने काय करावं? (ठाणे)

उत्तर: आधी वस्तू बाहेर, मग एअर पंप पूर्ण जोरात. क्लोरीन काढलेलं, तेवढ्याच तापमानाचं पाणी घेऊन ४० टक्के बदला. पीएच मोजून तो नेहमीपेक्षा एक अंकाहून जास्त सरकलेला असेल तर एकदम न बदलता २५ टक्के बदला आणि चार-पाच तासांनी पुन्हा २५. फिल्टरमध्ये नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन मलमलच्या पिशवीत घाला, ५० लिटरला दोन मुठी. पृष्ठभागावर तेलकट तवंग असेल तर कोरा टिश्यू पेपर अलगद पसरून उचला. चोवीस तास खाणं देऊ नका.

काढलेली वस्तू फेकू नका. ती बादलीभर पाण्यात ठेवा, शेजारी नुसत्या पाण्याची दुसरी बादली. दुसऱ्या दिवशी दोन्हींचा पीएच मोजा, वास घ्या, हात बुडवून बुळबुळीतपणा बघा. दोन्ही सारख्या असतील तर दोष कदाचित सजावटीचा नाही. मग टँकचा अमोनिया तपासा. सजावट मांडताना फिल्टर किती वेळ बंद होता आणि तळाची वाळू किती ढवळली गेली, हे आठवून आम्हाला पुन्हा लिहा.